तांब्यातला शेंगदाणा

हसनाबाद,
१६ जानेवारी २०२५

नीलाक्काच्या पायांशी वामनची एक पुढची कोलांटी.

तिळगूळ पोचला असेल. फोनवर मी नुसता "हां अक्का, हां अक्का" करतो आणि खरी अडचण पोटातच राहते, असं तूच म्हणतेस. "काय ते लिहून पाठव, मंग सांगते," हा तुझा हुकूम. म्हणून शाळेतून आल्या आल्या लिहायला बसलो आहे.

अक्का, माझी मधली तुकडी आंबली आहे.

तुला माहीत आहे, शाळेत मराठी शिकवून झालं की संध्याकाळी मी मारुतीच्या देवळामागच्या तालमीत पोरांना उड्या शिकवतो. मामांनी सुट्टीत परतूरच्या अंगणात तुला-मला जे शिकवलं तेवढ्याच भांडवलावर. लहान गटाचं बरं असतं. एक पुढची कोलांटी आली की पोर आईला दाखवायला घरी पळतं. मोठा गट नाहीच, दहावी आली की आईबाप उचलून नेतात. राहिली मधली तुकडी. त्यांना पुढची कोलांटी येते, मागची येते, हातांवर उभं राहता येतं, कमान टाकता येते, आणि कार्टव्हील, ज्याला आम्ही नुसतं चाक म्हणतो, तेही फिरतं. पुढची मोठी उडी शिकवावी तर ती त्यांच्या अंगात अजून नाही, आणि खरं सांगायचं तर माझ्याही नाही. मागचंच घोटावं तर त्यांची तोंडं बघवत नाहीत.

परवा गंधालीनं रांगेत उभ्या उभ्या जांभई दिली. ही आठवीतली पोरगी म्हणजे तुकडीचा कणा. मी म्हटलं, "काय गं, झोप झाली न्हाई का?"

"झाली ना सर. हितंच झाली."

पोरं खदखदली. मंग ती म्हणाली, "दिवाळीपासून चाक, कोलांटी, चाक, कोलांटी. आमची म्हैस बी रोज येगळ्या वाटेनं घरी येती, सर."

भोकरदनला एक डान्स क्लास निघाला आहे, चारी भिंतींना आरसे लावलेला. गंधालीचा डोळा तिकडे आहे. ती गेली की तिच्यामागे सगळी तुकडी जाईल. आणि तिचे आजोबा रामराव, म्हणजे आमच्या देवस्थान समितीचे अध्यक्ष, तालमीत सोयाबीनचं भुसकट भरायला टपलेलेच आहेत. "पोरं नसतील तर तालीम काय हवा खायला ठिवायची का, सर?" हे त्यांचं म्हणणं.

तू पोरांना उड्या शिकवण्यात जन्म घातलास. सांग, काय करू?

तुझा
वामन


परतूर,
२४ जानेवारी २०२५

वामन्या, आशीर्वाद आहेत. कोलांटी पोचली, पण हनुवटी छातीला लावली नव्हतीस असं अक्षरावरून दिसतं.

नवं म्हणजे अवघड, असं तुला कुणी सांगितलं? तुझ्या पोरांकडे पाच गोष्टी आहेत. त्या एकमेकींना जोडून बघ. कोलांटी संपली की उभं राहून शर्ट खाली ओढायचा, केस सारखे करायचे, हे बंद. कोलांटीतून उठता उठता चाक. चाकातून दोन्ही पाय जुळवून उतरायचं आणि तिथूनच मागची कोलांटी. उडी येणं वेगळं आणि एका उडीतून दुसरीत जाणं वेगळं. मधल्या तुकडीचा खरा कस त्या सांध्यात लागतो. माझ्या इथं जत्रेतल्यासारख्या उड्या मारणारी पोरं आहेत, दोन सोप्या गोष्टी जोडायला सांगितल्या की मध्ये थांबून डोकं खाजवतात.

दुसरं. तुझी पोरं चाक फक्त उजव्या बाजूनं फिरवत असणार, कारण तूही तेवढंच करायचास. माझे बाबा अंगणात किती ओरडायचे तुझ्यावर. सगळ्यांना डाव्या बाजूनं करायला लाव. एका दिवसात सगळी बालवाडीत येतील आणि जांभया बंद होतील.

तिसरं. क्रम तू ठरवू नकोस. तुझा चेहरा पाटीसारखा आहे, पुढं काय येणार ते पोरांना आधीच वाचता येतं.

आणि अजून सतरंजीवरच चाललंय का? कापूस भरून चांगली जाड, लांब गादी शिव.

गुडघा कुरकुरतो आहे. देवानं सगळे सांधे जोडून दिले होते, मी ते उड्या मारून मारून सुटे करून टाकले.

नीला


हसनाबाद,
६ फेब्रुवारी २०२५

अक्काला एक कोलांटी, या वेळी हनुवटी छातीला लावून.

तुझं तिसरं वाचलं आणि सायंकाळी देवासमोर बसलो. क्रम मी ठरवायचा नाही तर कुणी? समोर मारुतीराया. उडीच्या बाबतीत त्याच्याहून अधिकारी कोण आहे? आमच्या गावात अडलं की कौल लावतात. म्हटलं, आपणही लावू.

देवळातला जुना तांब्या घेतला. त्यात धान्य टाकलं. ज्वारी म्हणजे पुढची कोलांटी, हरभरा म्हणजे मागची. तूर आली तर हातांवर उभं राहायचं, मका आला तर कमान. सरकी म्हणजे चाक. पोरानं देवाला हात जोडायचे, डोळे मिटून तांब्यात हात घालायचा आणि एकेक करून तीन दाणे काढायचे. ज्या क्रमानं निघतील त्याच क्रमानं, मध्ये न थांबता, करून दाखवायचं. आणि ज्याला काही नवीन जमेल त्यानं मारुतीसमोर उभं राहून त्याचं धान्य जाहीर करायचं आणि तांब्यात टाकायचं. एकदा जाहीर झालं की ते सगळ्यांना लागू. कौलाला न्हाई म्हणता येत न्हाई, हे गावात लहान पोरालाही ठाऊक आहे.

पहिला हात सुयशचा. हरभरा निघाला. पुन्हा हरभरा. तिसराही हरभराच! आमची सतरंजी दुसऱ्या कोलांटीलाच संपते. पण कौल तो कौल. तिसरी कोलांटी त्यानं उंबऱ्याबाहेर, थेट रामरावांच्या पायांशी पूर्ण केली. रामराव दोन पावलं मागे सरले. "कोण उलटं पाया पडून राह्यलंय रे?"

मंग गंधाली. तिला मका, तूर, सरकी. कमानीतून पाय उचलून हातांवर आणि तिथून चाकात. अक्का, ती पडली. पडली, उठली, पुन्हा पडली. कित्येक दिवसांत मी तिला पडताना पाहिलं नव्हतं. दिवा लागला तरी "जाऊ का सर" म्हणाली नाही. जाताना तांब्याकडे अशी बघून गेली, जणू त्यानं तिची खोड काढली आहे.

घरी येताना मी एकटाच रस्त्यानं हसत होतो. किराणा दुकानदारानं विचारलं, "सर, लॉटरी लागली का?" मी म्हटलं, "हरभरा लागला."

तुझा वामन


परतूर,
१४ फेब्रुवारी २०२५

वामन्या,

पत्र माझ्या वर्गात मोठ्यानं वाचलं. उलटं पाया पडणं पोरांना इतकं आवडलं की आता रोज कुणीतरी माझ्या पाया उलटं पडतंय. तुझ्यामुळे मला दारात उभं राहायची सोय उरली नाही.

कौलाची युक्ती मला सुचली नाही याचा राग आला आहे. तरी एक ऐक. कमानीतून हातांवर जाताना खांद्याखाली तुझा हात पाहिजे, नुसतं देवावर सोडू नकोस. आणि जो कौल एखाद्या अंगाला झेपत नाही त्याला "आधारासकट" अशी सूट ठेव. मारुतीनं विचारलं तर म्हणावं, परतूरच्या अक्कानं सांगितलंय.

डाव्या चाकाबद्दल तू एक अक्षर लिहिलं नाहीस. मी वाट बघते आहे.

नीला


हसनाबाद,
३ मार्च २०२५

अक्का, कोलांटी पुढच्या पत्रात. आज अंग जरा दुखून राह्यलंय.

आधी गादीचं सांगतो. कापूस घरचाच होता. जिनिंगला नेऊन सरकी काढून आणायची, एवढा सायास कोण करणार? मी आहे तसा, सरकीसकट भरला. उषानं शिवताना विचारलं, "अहो, टोचंल की." मी म्हटलं, "पाठीला सवय होईल." पाठीला झाली नाही. मागच्या कोलांटीला पोरं "आई गं" असं तालात म्हणायला लागली.

मंग शुक्रवारी सकाळी तालमीचं दार उघडं राहिलं आणि रामरावांची म्हैस आत शिरली. म्हशीला सरकीचा वास कुठूनही येतो, हे मला कळायला हवं होतं, मी इथंच वाढलो. मी पोचलो तेव्हा अर्धी गादी तिच्या पोटात आणि तिच्या शिंगाला खोळ. इतका तृप्त चेहरा मी कीर्तनातही पाहिलेला नाही. दुसऱ्या दिवशी रामराव मला गाठून हळूच म्हणाले, "दूध वाढलंय सर. पुन्हा कधी शिवता गादी?"

उरलेली गादी इतकी आखूड की तीन उड्या एका दिशेनं बसत नाहीत. टोकाला जायचं, वळायचं आणि परत यायचं. पण त्यातून बघ काय झालं! वळणंच सुंदर व्हायला लागलं. अर्पितानं हातांवर उभी असतानाच अर्धी फिरून दाखवली आणि मारुतीसमोर जाहीर केलं, "उडीद म्हणजे अर्धी गिरकी." तांब्यात आता सहा धान्यं आहेत. म्हशीचे उपकार कसे फेडावे कळत नाही.

डावं चाक सुरू केलं. तू म्हणालीस तेच झालं, सगळी बालवाडी. सुयशचे पाय पूर्वेला, हात पश्चिमेला. गंधालीला मात्र चार दिवसांत आलं. तिनं जाहीर केलं, "मूग म्हणजे डावं चाक." मंग सगळ्यांदेखत म्हणाली, "सर, तुम्ही एकदा करून दाखवा ना." मला नेमका तेव्हाच खोकला आला. बराच वेळ आला.

ता.क. माझ्याकडे एक विद्यार्थी नवा आला आहे, बद्रीनाथ नावाचा. इतरांपेक्षा वयानं जरा थोराड आहे, अंगानंही. त्याला डावं चाक शिकायचं आहे, पण चारचौघांत लाजतो. कंबर वर जात नाही. वाकताना तोंडातून "विठ्ठल" निघतं. त्याला काय सांगू?


परतूर,
११ मार्च २०२५

वामन्या,

सरकीसकट गादी! बाबांना सांगायला हवं होतं. वरती बसून ऐकलं असेल तर आज तिथं कुणाला झोप नाही.

आता तुझ्या बद्रीनाथचं. थोराड विद्यार्थी मला आवडतात, त्यांना पडायची भीती असते म्हणून ते ऐकतात. जमिनीवर राखेची एक सरळ रेघ ओढ. डावा पाय रेघेवर पुढे, मग डावा हात, मग उजवा, मग पाय एकामागून एक, सगळं त्याच रेघेवर. पाय सुरुवातीला सरळ नसले तरी चालतील, बेडकासारखे गेले तरी चालतील. नजर हातांच्या मध्ये जमिनीवर, पायांकडे नाही. पाय कुठं गेले ते पाय बघतील. आधी भरलेल्या पोत्यावरून हात टेकून नुसतं इकडून तिकडं जायचा सराव.

"विठ्ठल" म्हणू दे. श्वास बाहेर जातो, चांगलंच आहे. फक्त वाकताना म्हणतो ते हात टेकताना म्हणायला सांग.

त्याला सांग, पोटभर जेवून करू नकोस. आणि चष्मा काढून ठेवत जा म्हणावं.

नीला


हसनाबाद,
२७ मार्च २०२५

अक्का,

बद्रीनाथला चष्मा आहे हे तुला कसं कळलं? मी लिहिल्याचं आठवत नाही. असो. तुझ्या अनुभवाला तोड नाही.

तो रोज पहाटे गोठ्यामागे राखेची रेघ ओढून करतो. पोत्यावरून जायला लागला. काल पोतं काढलं. पडला, पण शेणात पडला, लागलं नाही. उषा इतकी हसली की तिच्या हातातलं धारेचं भांडं कलंडलं. म्हणजे उषाला त्याच्या आईनं सांगितलं, तेव्हा हसली. परवा एकदा दोन्ही पाय डोक्यावरून गेले. अक्का, तो क्षण काय सांगू. आकाश खाली, गोठा वर, आणि मधे मी. म्हणजे तो. त्याला वाटलं, देवानं एवढी उलटी दुनिया आपल्यासाठी राखून ठेवली होती आणि आपण एवढी वर्षं एकाच बाजूनं बघत राहिलो.

पण आता ज्यासाठी पत्र लिहितो आहे ते. गंधाली जाते आहे. तिच्या वडलांनी भोकरदनला नाव घालायचं ठरवलं. "हनुमान जयंतीचा कार्यक्रम करून जाते सर," असं ती म्हणाली. सुयश म्हणतो, "मी पण जाणार." त्याला नाचता येत नाही, तरी जाणार. रामराव तालमीची लांबी-रुंदी पावलांनी मोजून गेले.

मी तिला विचारलं, "अजून कंटाळा येतो का गं?"

"बिलकुल न्हाई सर."

"मंग?"

ती पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिली. मंग म्हणाली, "आम्हाला रोज कौल लागतो. पडतो, हसतात लोक. तुम्हाला कधीच लागत न्हाई."

मला वाटतं, वडलांच्या निर्णयानं पोरगी दुखावली आहे आणि काहीतरीच बोलते आहे. मी नवीन धान्यं आणली, नवीन जोड्या आणल्या. आता आणखी काय आणू?

बारा तारखेला जयंती आहे. सूर्योदयाला जन्म, मंग देवळापुढे पोरांचा कार्यक्रम. तू ये. तू पाहिलंस तर ती पोरं अंग सांभाळून नाही, जीव ओतून करतील. आणि कदाचित हा शेवटचाच असेल.

वामन


परतूर,
३ एप्रिल २०२५

वामन्या,

गुडघा फारच धरला आहे. एसटीच्या पायऱ्या चढणं होणार नाही. येत नाही.

गादी नीट जिनलेल्या कापसाची कर. बद्रीनाथला म्हणावं, सराव सोडू नको, तयार राहा.

आणि गंधाली जे बोलली ते पुन्हा एकदा वाच. तुझ्याच पत्रात आहे, पण ते तू नुसतं लिहिलंस, वाचलं नाहीस.

नीला


हसनाबाद,
१३ एप्रिल २०२५

नीलाक्कास वामनची एक कोलांटी, आणि हो, डाव्या बाजूनं एक चाकही!

तू नव्हतीस, म्हणून सगळं सविस्तर लिहितो.

सूर्य उगवला, फुलं उधळली, घंटा वाजली. देवळापुढे नवी गादी अंथरली. या वेळी कापूस जिनलेला, त्यामुळे म्हैस नुसती कुंपणावरून बघत होती. गर्दी दाटली होती. बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला. बायकांत सगळ्यांत पुढे नंदाबाई, सुंठवड्याची परात घेऊन. दरवर्षी प्रसाद त्याच करतात.

पोरांनी काय केलं म्हणून सांगू! सुयशला ज्वारी-उडीद-मूग निघालं आणि डावं चाक त्यानं असं टाकलं की पूर्वेचे पाय पूर्वेलाच उतरले. अर्पिता हातांवर उभी राहून अर्धी फिरली तेव्हा म्हातारी माणसं उठून उभी राहिली. गंधालीला पुन्हा तेच निघालं, मका, तूर, सरकी, ज्यात ती पहिल्या दिवशी पडली होती. अक्का, पाण्यासारखी गेली. कुठं कमान संपली आणि कुठं चाक सुरू झालं ते कळलं नाही. तू जो सांधा म्हणतेस तो दिसलाच नाही.

टाळ्या थांबल्या तरी ती जागेवर गेली नाही. मारुतीकडे तोंड करून उभी राहिली आणि मोठ्यानं म्हणाली, "नवं धान्य टाकते. शेंगदाणा. शेंगदाणा म्हणजे सर."

मी म्हटलं, "म्हणजे काय गं?"

"शेंगदाणा निघाला की डावं चाक सरांनी करायचं."

सगळं गाव हसलं. ती तांब्या देवाच्या पायाला लावून आणायला आत गेली, बाहेर आली, सगळ्यांदेखत एक शेंगदाणा त्यात टाकला आणि आजोबांसमोर धरला. "आजोबा, तुम्ही काढा." रामरावांनी टोपी सारखी केली, डोळे मिटले, हात घातला.

शेंगदाणा.

तांब्याभर धान्यात एकच दाणा, आणि पहिल्याच हाताला! एवढी वर्षं देवासमोर बसतो, त्यानं कधी मला नावानं हाक मारली नव्हती. खोकला आणायचा प्रयत्न केला, पण आला नाही. पोरं बघत होती. गंधाली हसत नव्हती, नुसती बघत होती. तेव्हा तिचं ते वाक्य मला पहिल्यांदा ऐकू आलं.

मी चष्मा काढून उषाकडे दिला. विठ्ठल म्हटलं, हात टेकताना. आणि गेलो. बद्रीनाथचा सराव बघून बघून माझ्याही अंगात बसला असावा. सफाईनं उतरलो. प्रसाद थोडा सांडला, पण तो गर्दीमुळे.

गंधाली हसता हसता खाली बसली, पण थांबते की जाते ते काही बोलली नाही. आज रविवार, उद्या सुट्टी. परवा तालीम उघडेन तेव्हा कोण येतं ते कळेल. आज देवाला काही मागितलं नाही. एकदा हाक मारली त्यानं, लगेच मागणं बरं दिसत नाही.

तुझा वामन


परतूर,
१७ एप्रिल २०२५

वामन्या, सफाईदार माणसा,

मी नंदाबाईच्या बरोबर मागे बसले होते. डोक्यावरून पदर घेऊन.

आदल्या दिवशी रेल्वेनं जालन्याला आले, तिथून एसटीनं हसनाबादला. कंडक्टरनं हात धरून चढवलं, त्याचं भलं होवो. मुक्काम रामरावांच्या घरी, उषानं ठरवून दिला. बद्रीनाथ कोण ते उषानं मला पहिल्याच दिवशी फोनवर सांगितलं, पण तिनं सांगायची गरज नव्हती. वाकताना "विठ्ठल" म्हणणारा विद्यार्थी माझ्या बाबांच्या अंगणात एकच होता, तेव्हा तो सात वर्षांचा होता.

आता तू लिहिलेलं दुरुस्त करते. डावा पाय बराबर पडला. डावा हात, उजवा हात, रेघेवर. दोन्ही पाय वर गेले, आणि वर असताना सरळ होते. ते बघून मला बाबा आठवले आणि डोळ्यांत पाणी आलं. इथपर्यंत सगळं खरं. पण पोरांना गादीच्या टोकाला वळायला शिकवलंस आणि स्वतः वळायचं विसरलास. सफाईनं उतरलास? तू नंदाबाईच्या परातीत उतरलास! दोन्ही पायांनी. सुंठवडा असा उडाला की पहिल्या चार रांगा पांढऱ्या झाल्या. रामरावांना शिंकांमागून शिंका. शिंकता शिंकता म्हणत होते, "पुन्यांदा! सर, पुन्यांदा!" नंदाबाई म्हणाली, "सर, पाय धुवायच्या आधी मला पाया पडू द्या, सगळा प्रसाद तुमच्याच पायाला हाय." आणि हा माणूस मला लिहितो, गर्दीमुळे.

पण एक गोष्ट तुला माहीत नाही. आदल्या संध्याकाळी गंधाली आणि मी त्यांच्या ओट्यावर बसलो होतो. मी विचारलं, तुला आरसे आवडतात का. म्हणाली, "आरशात मीच दिसणार की. ते काय रोज बघायचं?" वडलांना तिनंच गळ घातली होती, त्यांनी हौसेनं नाव घातलं आणि आता तिलाच नक्की होत नव्हतं. मंग म्हणाली, "उद्या सरांना कौल लावते. सर न्हाई म्हणले तर जाते. हो म्हणले तर वडलांना सांगून हितंच राहते."

तुझं चाक नीट पडलं की परातीत पडलं, यावर काहीच नव्हतं, वामन्या. तू चष्मा काढलास तेव्हाच तिनं माझ्याकडे वळून बघितलं.

शेंगदाण्याबद्दल मी काही बोलत नाही. तुझी श्रद्धा आहे.

नीला


हसनाबाद,
२ मे २०२५

अक्का,

मंगळवारी तालीम उघडली तर गंधाली आधीच पायरीवर बसलेली. तिच्यामागे सुयश, अर्पिता, सगळी. आणि डान्स क्लासला जाणाऱ्या दोन पोरीही आल्या, म्हणे, तिथं कुणी परातीत उड्या मारत नाही. रामराव आले. मला वाटलं भुसकटाचं बोलतील. ते म्हणाले, "सर, मोठ्या माणसांचा गट कधी काढता?"

नंदाबाईंना नवी परात दिली. जुनी त्यांनी ठेवून घेतली आहे, माझ्या टाचांच्या दोन खळग्यांसकट.

काल उषा देवळातली भांडी घासायला गेली, तर गाभाऱ्यात फुलांच्या टोपलीमागे दुसरा एक तांब्या सापडला. आत काठोकाठ शेंगदाणे. ज्वारीचा एक दाणाही नाही. मी तो घेऊन मारुतीसमोर बसलो. मनात आधी जरा खट्टू झालो, ती हाक देवाची नव्हतीच म्हणून. मंग वाटलं, का नव्हती? त्याला मला बोलवायचं होतं आणि माझ्याजवळ हट्टी पोरगी एकच होती. त्याच्या शेंदरी गालांत हसू आहे असं मला नेहमीच वाटतं. काल जरा जास्त दिसलं. शेंगदाणे पोरांना वाटून टाकले.

आता मुद्द्याचं. आज गंधालीनं मारुतीसमोर उभं राहून नवं धान्य जाहीर केलं आहे. करडई. "काटेरी असती म्हणून," असं कारण दिलं. करडई म्हणजे परतूरच्या नीलाक्का. निघाली की अक्कांनी येऊन एक पुढची कोलांटी करून दाखवायची, आधारासकट चालेल.

तांब्या या वेळी मी स्वतः तपासला. सगळी धान्यं होती, करडईचा दाणा एकच. हातही मीच घातला, डोळे मिटून, विठ्ठल म्हणून.

अक्का, कौलाला न्हाई म्हणता येत न्हाई. गुडघ्याला तेल लावायला घे. करडईचंच लाव.

तुझा
वामन

(बद्रीनाथचाही नमस्कार. तो आता उजवं चाक विसरून राह्यलाय.)